वस्तूंच्या शोधात एक कवी

प्रवासाला गेलेला माणूस सहसा रिकाम्या हाताने घरी येत नाही. पंढरपूरहून कुंकू-बुक्का येतो, माहूरहून तांबुलाचा प्रसाद येतो, कोल्हापूरहून चपला, सावंतवाडीहून लाकडी फळे आणि ऐपत असेल तर पैठणहून पैठणी. गाव पाहिल्याची ती खूण असते. पण आपण आणतो ती वस्तू कोणी घडवली, ती त्याच गावात का घडते आणि उद्या घडेल की नाही, याचा विचार आपल्यापैकी किती जण करतात? मीही कधी केला नव्हता. गेल्या वर्षीचा इतिहासाचा एक तास आणि त्यानंतरची आमची पुण्याची शैक्षणिक सहल, या दोन गोष्टींनी तो मला करायला लावला.

त्या तासाला विषय युरोपातील कारागिरांच्या संघांचा होता. बोलता बोलता सर फ्रान्सकडे वळले. त्या देशात फिरणारा प्रवासी गावोगावची वस्तू गावाच्या नावाने विकत घेतो, असे त्यांनी सांगितले. लिमोज म्हटले की चिनी मातीची भांडी. कारण त्या शहराजवळ 1768 साली पांढरी शुभ्र केओलिन माती सापडली. लिओं म्हटले की रेशीम. लायोल म्हणजे डोंगरातले एक लहानसे खेडे, पण तेथील शिंगाच्या मुठीचा घडीचा चाकू जगभर त्या खेड्याच्या नावाने ओळखला जातो. इतके सांगून सरांनी आम्हालाच प्रश्न केला, की उद्या असा एखादा प्रवासी पातूरला आला तर तुम्ही त्याच्या हातात काय द्याल? वर्गात शांतता पसरली. लेणी दाखवू, रेणुकामातेचे दर्शन घडवू, ज्यांच्यामुळे आपल्या गावाला जुन्या कागदांत पातूर शेख बाबू म्हणत त्या शेख बाबूंच्या दर्ग्यावर नेऊ, हे सगळे सुचले. हातात द्यायची वस्तू मात्र एकालाही सुचली नाही. अकोट-बाळापूरकडच्या सुती सतरंज्यांना एके काळी नाव होते. आमच्या वर्गातल्या निम्म्या मुलांनी ते ऐकलेही नव्हते.

हा प्रश्न डोक्यात घेऊनच मी सहलीला गेलो. पुण्यात शुक्रवार पेठेत राजा दिनकर केळकर संग्रहालयाच्या दारात आमची रांग लागली, तेव्हा मला वाटले होते की एखाद्या राजेसाहेबांच्या तलवारी आणि सिंहासने पाहायला मिळणार. आत गेल्यावर कळले, की राजा हे एका लहान मुलाचे नाव आहे, आणि त्याचे वडील दिनकर गंगाधर केळकर हे कोणी संस्थानिक नव्हते. चष्म्याचा धंदा करणारे एक मध्यमवर्गीय गृहस्थ होते. त्यांच्याविषयी पुढे जे वाचले आणि ऐकले, ते आपल्या अंकातून मित्रांपुढे ठेवावे असे वाटले, म्हणून हा लेखनप्रपंच.

दिनकर केळकरांचा जन्म 10 जानेवारी 1896 चा. मराठी कवितेच्या वाचकांना ते अज्ञातवासी या टोपणनावाने ठाऊक होते. रविकिरण मंडळाची चलती होती, त्या काळचे हे कवी. 'अज्ञातनाद' हा त्यांचा काव्यसंग्रह. इतिहासाची ओढ मूळचीच आणि पेशवाईच्या पुण्यात वास्तव्य. तेव्हा त्यांच्या मनाचा ओढा जुन्या काळाकडे वळला यात नवल नाही. घरच्या धंद्यानिमित्त निरनिराळ्या कुटुंबांशी संबंध येई. लोकांना नीट दिसावे म्हणून भिंगे देणाऱ्या या माणसाला स्वतःला मात्र असे काही दिसू लागले, की जे इतरांच्या डोळ्यांसमोर असूनही त्यांना दिसत नव्हते.

ते काय होते? 1920 च्या सुमाराचा काळ डोळ्यांसमोर आणा. जुनी घराणी खालावत होती, वाडे पडत होते, वाटण्या होत होत्या. माळ्यावरच्या समया, लामणदिवे, पानदाने, अडकित्ते यांना वारस होते, पण वापर उरत नव्हता. घासलेटचा कंदील आला आणि तेलाचा दिवा देवघरापुरता उरला. पुढे विजेने कंदीलही घालवला. पितळेच्या भांड्याला कल्हई लागते, नाहीतर त्यात आंबट पदार्थ कळकतो. म्हणून कल्हईची कटकट नसलेले स्टीलचे भांडे येताच पितळ अडगळीत गेले. अडगळीत गेलेली धातूची वस्तू शेवटी मोडीच्या भावाने जाते. तराजूत घातल्यावर दिव्यावरचा मोर मोर राहत नाही, नुसते पितळ होते. त्यावर कारागिराने घालवलेले दिवस वजनात धरले जात नाहीत.

केळकरांनी ते दिवस वजनात धरले. सारा मुद्दा मला तरी इतकाच दिसतो. लोक ज्याला मोड म्हणत होते, त्याला त्यांनी वस्तू म्हटले आणि वस्तू म्हणून किंमत दिली. आधी छंद म्हणून चार जिनसा जमल्या, मग छंदाचे वेड झाले. त्या वेडापायी हा माणूस खेडोपाडी हिंडला. महाराष्ट्र तर त्यांनी पालथा घातलाच. पण गुजरात, राजस्थान आणि दक्षिणेकडील प्रांतही त्यांच्या फिरतीतून सुटले नाहीत. आपण प्रवासाला जातो आणि जाता जाता खरेदी करतो. त्यांचे उलट होते, खरेदीसाठीच प्रवास. आणि खरेदीही अशी, की दुकानात मांडलेले काही घ्यायचे नाही, तर कोणाच्या चुलीमागे किंवा गोठ्याच्या फळीवर पडलेले शोधून काढायचे, घरधन्याला ते देण्यास राजी करायचे आणि मग पदरचे पैसे मोजायचे. हा व्यवहार सोपा नसतो. जी वस्तू कालपर्यंत भंगार होती, तिला गिऱ्हाईक आले की ती एकाएकी मौल्यवान होते, हा आपला सर्वांचाच अनुभव आहे.

पैसे कोठून येत? हा धनिकाचा शौक नव्हता. दुकानाच्या मिळकतीतून, संसाराला कात्री लावून ही खरेदी चाले. त्यांच्या पत्नी कमलाबाई यांचे दागिनेही या पायी गेले, असे सांगतात. स्त्रियांचे दागिने, फण्या, कुंकवाचे करंडे, वज्र्या अशा वस्तूंना त्या संग्रहालयात मोठे स्थान आहे. त्या पाहत असताना, त्यांच्यासाठी एका स्त्रीने आपले स्वतःचे दागिने दिले असतील, ही गोष्ट मनातून जात नव्हती. अशा चरित्रांत पुरुषाच्या वेडाचे कौतुक होते आणि त्या वेडाचा भार वाहणारीचे नाव एका ओळीत संपते. मलाही येथे त्याहून अधिक लिहिता येत नाही, याची खंत वाटते.

या घराला एक मोठे दुःखही सोसावे लागले. त्यांचा एकुलता एक मुलगा राजा अवघ्या सातव्या वर्षी गेला. पुढे संग्रहाला त्यांनी नाव दिले ते या मुलाचे. त्या संग्रहातली खेळणी आणि चिमुकली भांडी मी हे कळल्यानंतर पाहिली. मोठ्या मूर्तींसमोर जितका वेळ थांबलो नाही, तितका तेथे थांबलो.

आता थोडे वस्तूंविषयी. संग्रहात बहुतेक जिनसा अठराव्या-एकोणिसाव्या शतकातील आहेत आणि बहुतेक रोजच्या वापरातल्या. दिव्यांचे तर किती प्रकार! उभी समई, साखळीने टांगायचा लामणदिवा, हातात धरायचा दिवा, लहान-मोठी निरांजने. असा ओतीव दिवा करायचा म्हणजे आधी मेणाची आकृती घडवायची, तिच्यावर मातीचे लेप द्यायचे, भट्टीत मेण वितळून वाहू द्यायचे आणि त्या पोकळीत वितळलेला धातू ओतायचा. माती फोडली की दिवा बाहेर. साचा मात्र गेला. म्हणून या पद्धतीचे दोन दिवे कधी तंतोतंत सारखे होत नाहीत. अडकित्त्यांचेही तसेच. सुपारी कातरायला दोन पाती आणि एक खीळ पुरते. पण कारागिराने त्याचा पोपट केला, घोडा केला, स्त्री-पुरुषाची जोडी केली. पायाच्या टाचा घासायच्या वज्रीलाही त्याने वर पक्षी बसवले आणि आत घुंगराचे खडे घातले, की अंघोळ करताना नाद व्हावा. दौती, कुलुपे, गंजिफा, वाद्ये, चित्रकथीची चित्रे, कोरीव दारे असे बरेच काही आहे. गरजेपुरते करून थांबायचे नाही, ही त्या काळच्या हाताची सवय होती. ही सवय केळकरांनी ओळखली.

फ्रान्सची गोष्ट वर आलीच आहे, तर तेथील एका कवीची आठवण येथे केली पाहिजे. फ्रेदेरिक मिस्त्राल हे दक्षिण फ्रान्समधील प्रोव्हान्स प्रांताचे कवी. 1830 साली जन्मले, 1914 साली वारले. पॅरिसच्या फ्रेंचपुढे मागे पडलेल्या आपल्या प्रोव्हान्साल बोलीत त्यांनी आयुष्यभर लिहिले. 1904 साली त्यांना साहित्याचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. आपल्या प्रांतातील शेतकऱ्यांचे पोशाख, घरातले सामान, अवजारे, सणावारांच्या वस्तू जमवून आर्ल गावी त्यांनी एक संग्रहालय उभारले होते. नोबेलचे पैसे त्यांनी त्यासाठी खर्च केले. बोली जाते तेव्हा शब्दाबरोबर वस्तूही जाते, हे त्या कवीला उमगले होते. आपल्या अज्ञातवासींना नोबेल नव्हते, चष्म्याचे दुकान होते. पण दोन्ही कवींची जात एकच. फ्रान्सच्या सरकारने लोककलांचे राष्ट्रीय संग्रहालय 1937 साली स्थापन केले. पुण्यातल्या या एकट्या माणसाची खरेदी त्याआधी पंधरा-सतरा वर्षे सुरू झाली होती.

1960 पर्यंत जमलेल्या वस्तूंची संख्या पंधरा हजारांच्या घरात गेली. 1962 साली संग्रहालय रीतसर स्थापन झाले. कोथरूड येथील मस्तानी महालाचे अवशेषही केळकरांनी आणून आपल्या संग्रहालयात पुन्हा उभे केले. आणि 1975 साली त्यांनी सारा संग्रह महाराष्ट्र शासनाच्या पुरातत्त्व विभागाच्या स्वाधीन केला. पुणे विद्यापीठाने त्यांना सन्माननीय डी. लिट. दिली. 17 एप्रिल 1990 रोजी, वयाच्या पंचाण्णवाव्या वर्षी ते वारले. आज संग्रहात वीस हजारांहून अधिक वस्तू आहेत. मांडलेल्या फक्त अडीच हजारांच्या आसपास. बाकीच्यांना जागा नाही.

परतताना गाडीत आमच्यात वाद झाला. एका मित्राचे म्हणणे असे, की खेड्यांतल्या वस्तू उचलून शहरात काचेमागे ठेवल्या, तर खेडे रिकामेच झाले की! त्यात तथ्य आहे. तेथे पुष्कळ वस्तू आहेत, पण त्या घडवणाऱ्यांची नावे बहुधा नाहीत. केळकरांनी वस्तू वाचवल्या. ती घडवणारी माणसे वाचवणे एकट्याच्या हातचे नव्हते. हे सगळे मान्य करूनही मी मित्राच्या बाजूने बोलू शकलो नाही. त्याला कारण आमचे घर.

आमच्याकडे एक पितळी अडकित्ता होता. त्याच्या पात्यावर पोपट होता आणि मी लहानपणी त्या पोपटाशी खेळत असे. आजीचे दात गेले, सुपारी सुटली आणि अडकित्ता फडताळात पडून राहिला. पुढे केव्हातरी समई, दोन घागरी आणि हा अडकित्ता मोडीत देऊन घरात स्टीलचा डबा आला. डबा चांगला आहे, आजही रोज वापरात आहे; कोणाचे काही चुकले असे मी म्हणत नाही. पुण्याला काचेमागे तसाच पोपट दिसला. अगदी तोच नव्हे, पण त्याचा भाऊ शोभेल असा. घरी आल्यावर आजीला सांगितले, तेव्हा तिने आधी विचारले की तिथे तो कितीला विकत घेतला असेल. मग थोड्या वेळाने म्हणाली, की तो अडकित्ता तिच्या आईने तिला सासरी पाठवताना दिला होता. हे घरात कोणालाच ठाऊक नव्हते. कोणी विचारलेच नव्हते.

सहलीच्या शेवटच्या दिवशी खरेदीसाठी दोन तास मोकळे मिळाले होते. बरेच जण कपड्यांच्या दुकानांकडे गेले. मी विचारत विचारत कसबा पेठेतल्या तांबट आळीत गेलो. तेथे तांब्याच्या पत्र्यावर हातोडीने मठारकाम चालते. एकेक ठोका शेजारच्या ठोक्याला लागून पडतो आणि भांडे चमकते, शिवाय पत्राही कणखर होतो. माझ्याजवळच्या पैशांत एक लहान तांब्या आला. वजनाच्या भावाहून तो महागच पडला आणि मी घासाघीस केली नाही. करणाऱ्या काकांचे नाव विचारले आणि तारखेसह वहीत लिहून घेतले. त्यांनी हसून माझे गाव विचारले. मी पातूर सांगितले. तिकडे काय होते, असे त्यांनी पुढे विचारले, आणि सरांच्या तासासारखाच मी पुन्हा गप्प झालो.

मित्रहो, एक सुचवावेसे वाटते. आपल्या ग्रंथालयात एक कपाट रिकामे करून मिळाले, तर पातूर आणि आजूबाजूच्या खेड्यांतून मोडीत निघालेली एकेक वस्तू प्रत्येकाने आणावी. सोबत एक चिठ्ठी जोडावी: ही कोणाच्या घरची, कशासाठी वापरीत आणि कोणी घडवली. आमच्या घरचा अडकित्ता आता मिळणार नाही. पण आजी अजून आहे, आणि तिला विचारायचे पुष्कळ राहिले आहे.