घोड्याच्या मनाचा पारखी : बो ले

होतकरू माणसाचे गुण वेळीच ओळखून त्याला पुढे आणणाऱ्या व्यक्तीस चीनमध्ये आजही बो ले म्हणतात. मूळचा बो ले मात्र माणसांचा नव्हे, घोड्यांचा पारखी होता. त्याचे खरे नाव सुन यांग. इ.स.पू. सातव्या शतकात, पश्चिमेकडील छिन राज्याचा अधिपती मू (कारकीर्द इ.स.पू. ६५९ ते ६२१) याच्या पदरी तो होता, असे परंपरा सांगते. चिनी समजुतीप्रमाणे स्वर्गातील अश्वांचा सांभाळ करणाऱ्या ताऱ्याचे नाव बो ले. लोकांनी तेच नाव या अश्वपरीक्षकाला दिले आणि त्यापुढे त्याचे मूळ नाव मागे पडले.

छिन घराण्याचा उदयच घोड्यांमुळे झाला होता. या घराण्याच्या एका पूर्वजाने चौ सम्राटाचे घोडे उत्तम रीतीने पोसले आणि त्याचे इनाम म्हणून त्याला जमीन मिळाली. त्या काळी चीनमध्ये घोडदळ नव्हते. युद्धे चार घोड्यांच्या रथांतून लढली जात. चारांपैकी एक घोडा बुजरा निघाला किंवा ऐन वेळी लंगडला, तर रथ आणि त्यातील योद्धे दोन्ही संपले. घोड्याचा बांधा, त्याचा स्वभाव आणि त्याचे दुखणे ओळखणारा माणूस म्हणूनच राज्यकर्त्याला सेनापतीइतका मोलाचा वाटे.

बो लेविषयीची सर्वांत हृद्य कथा ताइहांग पर्वताच्या चढणीवरची आहे. मिठाने लादलेली गाडी ओढणारे एक वृद्ध जनावर तेथे अडले होते. गुडघे वाकलेले, अंग घामाने निथळणारे. बो लेने पाहताक्षणी ओळखले, की हा जातिवंत अश्व आहे आणि त्याचे आयुष्य मालवाहतुकीत फुकट गेले आहे. तो आपल्या रथातून उतरला, घोड्याला कवटाळून रडला आणि अंगावरचे वस्त्र काढून त्याने घोड्याच्या पाठीवर पांघरले. घोड्याने आधी मान खाली घातली, मग वर करून असा हंबरडा फोडला की तो आकाशाला भिडला. आपल्याला कोणीतरी ओळखले, हे त्या मुक्या प्राण्याला उमगले, असा या कथेचा भाव आहे.

त्याच्या विद्येचे मर्म मात्र दुसऱ्या एका कथेत आहे. इ.स.पू. तिसऱ्या शतकातील विचारवंत हान फेइ याच्या ग्रंथात ती येते. लाथा झाडणारा घोडा कसा ओळखावा, हे बो लेने दोघांना शिकवले. दोघे चाओ घराण्याच्या प्रमुखाच्या पागेत गेले. एकाने एक घोडा लाथाड म्हणून निवडला. दुसऱ्याने मागून जाऊन त्याच्या पुठ्ठ्यावर तीनदा हात फिरवला, तरी घोडा ढिम्म हलला नाही. पहिल्याला आपली परीक्षा चुकली असे वाटले. तेव्हा दुसऱ्याने खुलासा केला, की परीक्षा बरोबर आहे, पण या घोड्याचा खांदा मुरगळला आहे आणि पुढचा गुडघा सुजला आहे. लाथ मारायची तर सारा भार पुढच्या पायांवर घ्यावा लागतो. सुजलेल्या गुडघ्याला तो पेलत नाही, म्हणून मागचे पाय उठत नाहीत. पहिल्याने स्वभाव अचूक ओळखला, पण दुखणे त्याच्या नजरेतून निसटले होते. शांत दिसणारे जनावर स्वभावाने शांत असेलच असे नाही. ते वेदनेने गप्प झालेले असू शकते.

या कथेतील चाओ प्रमुख इ.स.पू. ५०० च्या सुमाराचा, म्हणजे मूच्या मृत्यूनंतर शंभराहून अधिक वर्षांनी झालेला. एका माणसाच्या आयुष्यात हे दोन्ही काळ बसत नाहीत. त्यामुळे बो ले हे नाव एकाहून अधिक अश्वपरीक्षकांना मिळाले असावे, असे मानले जाते. आपल्याकडे अश्ववैद्यकाची परंपरा जशी शालिहोत्राच्या नावाशी जोडली गेली, तसेच हे झाले.

म्हातारपणी मूने त्याला वारस विचारला. आपल्या मुलांना चांगला घोडा कळतो, पण अद्वितीय घोडा कळत नाही, हे बो लेने मोकळेपणाने मान्य केले आणि जिउफांग गाओ या मोळीविक्याचे नाव सुचवले. तीन महिन्यांनी गाओ परतला आणि पिवळी घोडी मिळाल्याचे त्याने सांगितले. प्रत्यक्षात निघाला काळा घोडा! मू संतापला. बो ले मात्र हरखला. गाओची दृष्टी अंतरंगावर एवढी खिळली होती की रंग आणि लिंग त्याने पाहिलेच नव्हते. घोडा खरोखरच अद्वितीय ठरला. विख्यात चित्रकार श्यू पेइहोंग यांनी १९३१ मध्ये हाच प्रसंग चित्रित केला.

बो लेला कठोर टीकाकारही लाभला. तत्त्वज्ञ च्वांग झी याच्या नावावरील ग्रंथात त्याच्यावर थेट आरोप आहे. त्याने घोड्यांना डाग दिले, केस कातरले, खूर तासले, लगाम आणि पायबंद घातले. तेवढ्यानेच दहांतले दोन-तीन मेले. पुढे उपासमार, तहान आणि चाबकाखाली दौड यांत निम्म्याहून अधिक संपले. गवत खाणे, पाणी पिणे, उधळणे हाच घोड्याचा खरा स्वभाव, असे या टीकेचे म्हणणे आहे. प्राण्याचा स्वभाव ओळखायचा तो त्याच्या भल्यासाठी की आपल्या कामासाठी, हा तो प्रश्न. मिठाच्या गाडीपाशी रडणाऱ्या बो लेलाही तो टाळता येत नाही.

हुनान प्रांतातील मावांगतुइ येथे इ.स.पू. १६८ मध्ये बंद झालेल्या कबरीतून १९७३ साली अश्वपरीक्षेचा रेशमावर लिहिलेला ग्रंथ मिळाला. त्यात घोड्याच्या डोळ्यांवर विशेष भर आहे. पुढे चिनी पशुवैद्यकात सुया टोचण्याचे एक शास्त्रही बो लेच्या नावाने रूढ झाले. १६०८ मध्ये यू बंधूंनी घोड्यांच्या उपचारांवर लिहिलेला ग्रंथ याच परंपरेतला. काष्ठ, अग्नी, पृथ्वी, धातू आणि जल या पाच तत्त्वांनुसार प्राण्यांचे स्वभाव ठरवण्याची पद्धत मात्र बो लेची नव्हे. पंचतत्त्वांची बांधेसूद मांडणी त्याच्यानंतर काही शतकांनी झाली. आज या पद्धतीने कुत्र्या-मांजरांवर उपचार करणारे पशुवैद्य चिडखोर प्राण्याला काष्ठ प्रकृतीचा मानून त्याच्या यकृताकडे, तर भित्र्याला जल प्रकृतीचा मानून मूत्रपिंडांकडे लक्ष देतात. या वर्गवारीला आधुनिक प्रयोगांचा भक्कम आधार नाही.

पागेतल्या त्या घोड्याची कथा मात्र कोणत्याही तत्त्वांवर अवलंबून नाही. नेहमी गुरगुरणारा कुत्रा एकाएकी गरीब झाला किंवा माणसाळलेले मांजर अंगावर धावू लागले, तर स्वभाव बदलला असे म्हणण्याआधी त्याचे दुखणे शोधावे, एवढे ती आजही शिकवते.