डीएनएचा पीळ फोटोत पकडणाऱ्या रोझलिंड. नोबेलच्या यादीत मात्र नाव नाही

पुण्यतिथी विशेष

कोरोनात नाकात काडी घालून केलेली आरटीपीसीआर चाचणी अजून सगळ्यांच्या ध्यानात असेल. त्या चाचणीत विषाणूचा आरएनए शोधला जायचा. कोर्टात बाप कोण, आरोपी कोण हे ठरवायला डीएनए रिपोर्ट लागतो. हे शब्द आता गावातही रुळलेत. पण डीएनएची घडण ज्यांच्या कामामुळं उलगडली, त्या रोझलिंड फ्रँकलिन यांचं नाव फार थोड्यांना माहीत आहे. आज १६ एप्रिल, त्यांची पुण्यतिथी.

रोझलिंड यांचा जन्म २५ जुलै १९२० चा, लंडनमधल्या खात्यापित्या ज्यू घरातला. १९३८ साली त्या केंब्रिजला शिकायला गेल्या. पुढं दुसऱ्या महायुद्धात त्यांनी दगडी कोळशावर काम केलं. कोळशातल्या बारीक छिद्रांचा अभ्यास करून त्यांनी १९४५ साली डॉक्टरेट मिळवली. नंतर पॅरिसला जाऊन क्ष-किरणांनी पदार्थाची आतली रचना कशी ओळखायची, हे तंत्र त्या शिकल्या.

१९५१ च्या जानेवारीत त्या लंडनच्या किंग्ज कॉलेजात आल्या. तिथं सुरुवातच बिनसली. डीएनएचं क्ष-किरणाचं काम तुमचंच, असं त्यांना कळवलेलं होतं. पण तिथले मॉरिस विल्किन्स आधीपासून त्याच कामात होते आणि ही बाई आपल्या हाताखाली आलीय, असा त्यांचा समज झाला. दोघांचं कधी जमलं नाही.

काम मात्र त्यांनी चोख केलं. डीएनएचा केसाहून बारीक धागा ताणून धरायचा, त्यातून क्ष-किरण सोडायचे आणि मागच्या फिल्मवर उमटलेल्या ठिपक्यांवरून आतली रचना ओळखायची. धागा ओला झाला की लांब होतो आणि कोरडा पडला की आखडतो, हे रोझलिंड यांनी हेरलं. दोन्ही अवस्थांचे त्यांनी वेगवेगळे फोटो घेतले. मे १९५२ मध्ये त्यांचा विद्यार्थी रेमंड गॉसलिंग याच्यासोबत काढलेला ५१ नंबरचा फोटो जगप्रसिद्ध आहे. त्यावर ठिपक्यांची स्वच्छ फुली दिसते. ती फुली म्हणजे आत पीळ असल्याची खूण.

त्याच वेळी केंब्रिजमध्ये वॉटसन आणि क्रिक डीएनएची प्रतिकृती बनवत होते. त्यांची पहिली प्रतिकृती बघायला रोझलिंड गेल्या आणि ती चुकीची असल्याचं त्यांनी तिथंच दाखवलं. डीएनए पाणी धरतो, म्हणजे फॉस्फेटचा भाग बाहेरच्या अंगाला असणार, हे त्यांचं म्हणणं पुढं खरं ठरलं.

जानेवारी १९५३ मध्ये विल्किन्स यांनी तो ५१ नंबरचा फोटो रोझलिंड यांना न विचारता वॉटसनना दाखवला. त्यांची मोजमापं असलेला एक अहवालही केंब्रिजला पोचला. महिना-दीड महिन्यात प्रतिकृती तयार झाली. पीळ दिलेली शिडीच जणू. दोन्ही बाजूंचे दांडे साखर आणि फॉस्फेटचे, मधल्या पायऱ्या जोड्यांच्या. 'ए' समोर 'टी' आणि 'जी' समोर 'सी'. आरएनए बहुतेक ठिकाणी एकपदरी असतो आणि त्यात 'टी'च्या जागी 'यू' येतो. २५ एप्रिल १९५३ च्या 'नेचर' अंकात तीन लेख आले. वॉटसन-क्रिक यांचा पहिला, रोझलिंड यांचा तिसरा. त्यांचं काम दुसऱ्यांच्या शोधाला आधार दिल्यासारखं दिसलं.

तोवर त्यांनी किंग्ज सोडलं होतं. बर्कबेक कॉलेजात त्यांनी तंबाखूवरच्या मोझॅक विषाणूचं काम हाती घेतलं. हाच विषाणू टोमॅटो-मिरचीवरही येतो, पानं चितकबरी करतो आणि हाताच्या स्पर्शानंही पसरतो. हा विषाणू आतून पोकळ नळीसारखा असतो आणि त्याचा आरएनए त्या पोकळीत नसून भोवतीच्या प्रथिनांत पिळासारखा बसलेला असतो, हे त्यांनी दाखवलं.

१९५६ साली त्यांना अंडाशयाचा कर्करोग निघाला. शस्त्रक्रिया झाली, तरी प्रयोगशाळा सुटली नाही. १६ एप्रिल १९५८ रोजी त्या गेल्या, वय अवघं ३७. दुसऱ्याच दिवशी ब्रुसेल्सचं जागतिक प्रदर्शन सुरू झालं. तिथं त्यांनी बनवलेली विषाणूची मोठी प्रतिकृती लोकांसाठी मांडलेली होती.

१९६२ साली वॉटसन, क्रिक आणि विल्किन्स यांना नोबेल मिळालं. आधीच वारलेल्या माणसाचा त्या पारितोषिकासाठी विचार होत नाही. पण त्या हयात असतानाही, आपल्या फोटोचा आणि मोजमापांचा किती वापर झाला, हे त्यांना कुणी नीट सांगितल्याचं दिसत नाही. पुढं १९८२ साली त्यांचे सहकारी आरोन क्लूग यांना नोबेल मिळालं. विषाणूंचं काम ते रोझलिंड यांच्यासोबतच शिकले होते.

आता युरोपनं मंगळावर पाठवायच्या गाडीला रोझलिंड यांचं नाव दिलंय. उशिरा का होईना, ज्याचं काम त्याच्या नावावर लागलं. शिवारात असो की प्रयोगशाळेत, राबणाऱ्याची एवढीच अपेक्षा असते. त्यांच्या स्मृतीस विनम्र अभिवादन.