मणिभाई देसाई

मणिभाई भीमभाई देसाई (२७ एप्रिल १९२० – १९९३) हे गांधीवादी कार्यकर्ते आणि ‘भारतीय अ‍ॅग्रो इंडस्ट्रीज फाउंडेशन’ (बायफ) या संस्थेचे संस्थापक होते. गाईंच्या सुधारित पैदाशीचे तंत्र त्यांनी लहान शेतकऱ्याच्या गोठ्यापर्यंत नेले.

जीवन

त्यांचा जन्म सुरत जिल्ह्यातील कोसमाडा या गावी झाला. विज्ञानाचे शिक्षण घेत असताना ते १९४२ च्या ‘छोडो भारत’ आंदोलनात उतरले व त्यांनी कारावास भोगला. पुढे ते सेवाग्राम आश्रमात दाखल झाले. मार्च १९४६ मध्ये गांधीजींनी पुणे जिल्ह्यातील उरुळी कांचन येथे निसर्गोपचार केंद्र सुरू केले, तेव्हा मणिभाई तेथे राहिले आणि तीच त्यांची आजन्म कर्मभूमी ठरली. त्यांना १९६८ मध्ये पद्मश्री व १९८२ मध्ये रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

गोपैदाशीचे कार्य

आश्रमाच्या गोशाळेत त्यांनी गीर गाईंचा कळप जोपासला. १९६७ मध्ये बायफची स्थापना झाल्यावर होल्स्टीन फ्रीजियन व जर्सी वळूंच्या गोठवलेल्या रेतमात्रांनी गावठी गाईंचे कृत्रिम रेतन करण्याची सेवा संस्थेने शेतकऱ्याच्या दारात उपलब्ध करून दिली. त्यामुळे वळू पाळण्याची ऐपत नसलेल्यासही संकरित कालवड मिळू लागली.

या धोरणावर आक्षेपही घेतले गेले. संकराने दूध वाढते. परंतु परदेशी रक्ताचे प्रमाण वाढत गेल्यास उष्णता व गोचीड सोसण्याची देशी गाईची क्षमता घटते. खिलारचा कामसूपणा, मुसळधार पावसात टिकणाऱ्या डांगीचा काटकपणा किंवा कोकणच्या डोंगरउतारांवर अल्प चाऱ्यात निभावणाऱ्या कोकण कपिलेची चिवटता दुधाच्या मापाने मोजता येत नाही.

जनुकीय संशोधनातील महत्त्व

दूध देण्याची क्षमता एका जनुकावर ठरत नाही. ती असंख्य जनुकांच्या लहानलहान परिणामांतून व संगोपनातून घडते. म्हणून पूर्वी वळूची पारख त्याच्या मुलींच्या दुधावरून होई आणि त्यात कित्येक वर्षे जात. गाईचा जीनोम २००९ मध्ये प्रसिद्ध झाल्यानंतर वासराच्या डीएनएवरून असा अंदाज बांधणे अधिक सुकर झाले. मात्र त्यासाठी हजारो गाईंच्या दुधाच्या विश्वसनीय नोंदी लागतात. दोनचार जनावरे बाळगणाऱ्या भारतीय शेतकऱ्यांकडे अशा नोंदी सहसा नसतात. ही उणीव भरून काढण्यास बायफचे गावोगावचे जाळे उपयोगी पडले. लहान शेतकऱ्यांकडील संकरित गाईंच्या दूधउत्पादनाचे जीनोमवर आधारित मूल्यमापन बायफ आणि ऑस्ट्रेलियातील न्यू इंग्लंड विद्यापीठ यांच्या संशोधकांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केले. मणिभाईंच्या हयातीत हे तंत्र नव्हते. त्याला लागणारी गावपातळीवरील यंत्रणा मात्र त्यांनी उभारलेल्या कार्यातून आली.