डॉ. द्वारकानाथ कोटणीस

ज्या देशाचें नांव आपण केवळ भूगोलांत वाचतों, त्याच्या सेवेंत एका मराठी डॉक्टरानें देह ठेवला. द्वारकानाथ कोटणीस ह्यांचा जन्म १९१० सालीं सोलापुरास झाला. मुंबईस वैद्यकाचें शिक्षण पुरें करून, घरच्यांच्या संमतीनें ते १९३८ सालीं पांच भारतीय डॉक्टरांच्या पथकासह युद्धग्रस्त चीनला गेले. तिघे सोबती लवकर परतले. हे मात्र तेथेंच राहिले. चिनी भाषा शिकून त्यांनीं जखमी सैनिकांवर शस्त्रक्रिया केल्या. १९४१ सालीं बेथून आंतरराष्ट्रीय शांति रुग्णालयाचे प्रमुख होऊन चिनी विद्यार्थ्यांनाही शिकविलें. ९ डिसेंबर १९४२ रोजीं, अवघ्या ३२ व्या वर्षीं, ते निवर्तले.

पालकहो, विद्या परक्याच्याही कामीं यावी, हा संस्कार शाळेनें करावा आणि घरानें जपावा. मग नंदुरबारांतूनही असे सेवक निपजतील.