ज्योतिर्विद शंकर बाळकृष्ण दीक्षित

विद्यार्थी मित्रांनो, तुम्ही आचरा हे गाव पाहिले आहे का? सिंधुदुर्ग जिल्ह्यात, मालवणच्या उत्तरेला, समुद्र आणि खाडी यांच्या काठी हे गाव वसले आहे. रमजानच्या एकोणतिसाव्या संध्याकाळी येथे किनाऱ्यावर उभे राहिले, की सर्वांची नजर पश्चिमेकडे लागलेली असते. ईदचा चांद दिसतो का, हे पाहायचे असते. त्याच वाळूत होडी ओढणारा मच्छीमारही चंद्राचाच हिशेब करतो. अमावास्या आणि पौर्णिमेच्या सुमारास समुद्राला उधाण येते, अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती असते, हे त्याला पंचांग न उघडताही ठाऊक असते. गावातील रामेश्वराच्या देवळात रामनवमीचा मोठा उत्सव होतो. तोही तिथी पाहूनच. चंद्र एकच आहे; त्याच्याकडे पाहणारी माणसे अनेक आहेत.

आता तुमच्या मनात एक प्रश्न येईल. या तिथी, हे वार, या बारा राशी आणि ही सत्तावीस नक्षत्रे प्रथम कोणी ठरवली? कुंडली मांडण्याची पद्धत कोठून आली? शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी या प्रश्नावर मोठा वाद चालू होता. युरोपातील काही विद्वान म्हणत, की भारतीयांनी हे सारे ग्रीकांकडून घेतले. आपल्याकडील काही लोक म्हणत, की सारे आपलेच आहे, बाहेरचे काहीच नाही. दोन्ही बाजू तावातावाने बोलत. परंतु जुने ग्रंथ समोर ठेवून शांतपणे आकडेमोड करणारे फार थोडे होते. ते काम कोकणातील एका शिक्षकाने केले. त्यांचे नाव शंकर बाळकृष्ण दीक्षित.

आचऱ्याहून किनाऱ्याने उत्तरेकडे दूर गेले, की रत्नागिरी जिल्ह्याच्या दापोली तालुक्यात मुरूड हे गाव लागते. तेथे १८५३ साली दीक्षितांचा जन्म झाला. महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे बालपणही याच मुरूडमध्ये गेले. त्या काळी सिंधुदुर्ग हा वेगळा जिल्हा नव्हता. तो १९८१ साली झाला. म्हणून दीक्षितांना आपल्याच जिल्ह्याचे म्हणायला हरकत नाही.

पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजात शिकून दीक्षित शिक्षक झाले. पुढे ते मॅट्रिकची परीक्षा उत्तीर्ण झाले. रेवदंडा, ठाणे, बार्शी, धुळे अशा गावी त्यांनी नोकरी केली आणि शेवटी पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजात ते शिकवू लागले. त्यांच्याजवळ मोठी पदवी नव्हती की मोठी दुर्बीण नव्हती. दिवसा शाळा आणि उरलेल्या वेळात ग्रंथ, गणित व आकाश, असा त्यांचा क्रम होता. सामान्य वाचकांना आकाशाची गोडी लागावी म्हणून त्यांनी ‘ज्योतिर्विलास’ हे सोपे पुस्तकही लिहिले.

दीक्षितांची काम करण्याची रीत कशी होती, ते एका उदाहरणावरून पाहू. आकाशात कृत्तिका नावाचा ताऱ्यांचा एक सुंदर पुंजका आहे. तुम्ही त्याला सुरैया किंवा परवीन म्हणता. या नावाची एखादी मुलगी तुमच्या वर्गातही असेल. शतपथब्राह्मण या प्राचीन ग्रंथात कृत्तिकांविषयी एक उल्लेख आहे. त्या पूर्व दिशेपासून ढळत नाहीत, असे तेथे सांगितले आहे. आज मात्र कृत्तिका नेमक्या पूर्वेला उगवत नाहीत. त्या पूर्वेपासून बऱ्याच उत्तरेकडे उगवतात. असे का व्हावे? पृथ्वीचा आस फिरत्या भोवऱ्याप्रमाणे अतिशय सावकाश डुलतो. एका फेरीला सुमारे २६,००० वर्षे लागतात. त्यामुळे ताऱ्यांच्या उगवण्याच्या जागा हळूहळू बदलतात. कृत्तिका नेमक्या पूर्वेला कधी उगवत असतील, याचे गणित दीक्षितांनी केले. उत्तर आले, सुमारे पाच हजार वर्षांपूर्वी. म्हणजे ग्रीकांशी संबंध येण्याच्या कितीतरी आधी येथील लोक आकाश पाहत होते, असे त्यांनी दाखवले. सर्व विद्वानांना हा निष्कर्ष पटला नाही. परंतु त्याला उत्तर द्यायचे तर त्यांनाही गणितच करावे लागले.

मग दीक्षितांनी सारे आपलेच आहे असे म्हटले का? नाही. येथेच त्यांचा मोठेपणा दिसतो. वेदांत नक्षत्रांची नावे आहेत, पण मेष, वृषभ या राशी नाहीत. वेदांगज्योतिष या जुन्या ग्रंथातही त्या सापडत नाहीत. रविवार, सोमवार हे सात वार मूळचे येथील नाहीत, बाहेरून आले आहेत, हे दीक्षितांनी मान्य केले.

सुमारे दीड हजार वर्षांपूर्वी वराहमिहिर नावाचे मोठे ज्योतिषी होऊन गेले. त्यांच्या ग्रंथांत होरा, केंद्र असे ग्रीक भाषेतून आलेले शब्द आहेत. त्या काळी ग्रीकांना यवन म्हणत. तुम्ही यूनानी दवाखाना पाहिला असेल. यवन आणि यूनान ही एकाच नावाची दोन रूपे आहेत. यवन परके असले, तरी या शास्त्रात ते ऋषींप्रमाणे आदरास पात्र आहेत, असे वराहमिहिरांनी मोकळेपणाने मान्य केले होते.

ही देवाणघेवाण तेथेच थांबली नाही. ज्योतिषाची ताजिक नावाची एक शाखा आहे. तिच्यावर नीलकंठ या पंडिताने १५८७ साली, म्हणजे अकबर बादशहाच्या काळात, एक प्रसिद्ध संस्कृत ग्रंथ लिहिला. या शाखेत इक्कवाल, इत्थशाल असे शब्द येतात. ते मोठ्याने म्हणून पाहा. इक्कवाल म्हणजे तुमचा इक्बाल आणि इत्थशाल म्हणजे इत्तिसाल! ही शाखा मुसलमानांकडून आली, हे दीक्षितांनी आपल्या ग्रंथात स्पष्ट लिहिले आहे.

देणेही तसेच होते. आठव्या शतकात खलिफा अल्-मन्सूर यांच्या दरबारी भारतीय ज्योतिषाचा ग्रंथ पोहोचला आणि तो अरबीत आणला गेला. आपल्या गणितातील ‘जीवा’ हा शब्द अरबीत जाऊन ‘जैब’ झाला. आपण घेतले, तसे दिलेही.

अनेक वर्षांच्या श्रमानंतर १८९६ साली दीक्षितांचा ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ हा मोठा ग्रंथ मराठीत प्रसिद्ध झाला. पुढे त्याची हिंदी आणि इंग्रजी भाषांतरे झाली. त्याच वर्षी रॉबर्ट सेवेल या इंग्रज अधिकाऱ्याबरोबर त्यांनी लिहिलेला भारतीय कालगणनेचा इंग्रजी ग्रंथही निघाला. हिंदू आणि हिजरी तारखांवरून इसवी सनाची तारीख काढण्याची कोष्टके त्यात आहेत. एखाद्या देवळातील शिलालेख असो की मशिदीतील, त्याचा काळ ठरवताना अशी कोष्टके उपयोगी पडतात. त्यानंतर दोनच वर्षांनी, १८९८ साली, वयाच्या ४५ व्या वर्षी दीक्षितांचे निधन झाले.

मित्रांनो, दीक्षितांचे सर्वच निष्कर्ष आज मान्य आहेत असे नाही. भारतीय ज्योतिष मुख्यतः स्वतंत्रपणे वाढले, याकडे त्यांचा कल होता. कुंडलीच्या पद्धतीवर ग्रीकांचा प्रभाव त्यांना वाटला त्याहून अधिक होता, असे पुढच्या अनेक अभ्यासकांचे मत आहे. वाद अजून संपलेला नाही. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. ग्रहणाचे गणित वेगळे आणि माणसाचे भविष्य सांगणे वेगळे. ग्रहण सांगितलेल्या वेळी लागते. ते आपण पडताळून पाहू शकतो. कुंडलीवरून सांगितलेली भाकिते अशा कसोटीला उतरलेली नाहीत.

मग दीक्षितांकडून आपण काय शिकायचे? आपल्या देशावर त्यांचे प्रेम होते. परंतु त्या प्रेमापोटी त्यांनी आकड्यात फेरफार केला नाही. जे आपले, ते पुरावा देऊन आपले म्हटले. जे दुसऱ्याचे, ते दुसऱ्याचे म्हणताना त्यांना कमीपणा वाटला नाही. उद्या कोणी तुम्हाला म्हणेल, सारे आमचेच. कोणी म्हणेल, तुमचे काहीच नाही. तेव्हा रागावू नका. पुस्तक उघडा, हिशेब करा, आणि रात्री अंगणात उभे राहून एकदा सुरैयाकडे पाहा. कृत्तिकाही तीच आहे.