मेहकरची नोंद ठेवणारे लायल साहेब

या स्मरणिकेत आपल्या गुरुजनांवर आणि शाळेच्या दिवसांवर पुष्कळ जण लिहितील. मी मात्र आपल्या गावाच्या एका जुन्या नोंदकाराविषयी लिहितो आहे. जुनी गॅझेटियरे वाचण्याचा आणि जुनी पोस्टकार्डे जमवण्याचा मला नाद आहे. छापील कागदांत वऱ्हाडातल्या गावांचा माग काढत मागे गेलो, की एक नाव हमखास भेटते : सर आल्फ्रेड लायल.

त्यांचा जन्म ४ जानेवारी १८३५ रोजी इंग्लंडातल्या सरे परगण्यात झाला. वडील पाद्री. ईटन आणि हेलीबरी येथे शिकून १८५६ च्या आरंभी ते कंपनीच्या नोकरीत हिंदुस्थानात आले. वय एकवीस. दुसऱ्याच वर्षी सत्तावनचा उठाव झाला. तेव्हा ते बुलंदशहरला होते आणि स्वयंसेवक घोडदळात राहून लढाईतही उतरले. पुढे मध्यप्रांतात काम करून १८६७ मध्ये ते पश्चिम वऱ्हाडचे कमिशनर झाले. आपला बुलढाणा जिल्हा त्यांच्याच हाताखाली आला.

१८५३ च्या तहाने वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या कारभारात आला होता. मालकी निजामाची, कारभार इंग्रजांचा. नव्या अंमलदारांना मुलखाची माहिती हवी होती. ती लायल यांनी एका ग्रंथात गोळा केली. हैदराबाद असाइन्ड डिस्ट्रिक्ट्सचे हे गॅझेटियर १८७० मध्ये मुंबईत छापले गेले. जमीन, पिके, जाती, देवस्थाने, इतिहास, बाजारपेठा असा त्याचा पसारा. देशातल्या अगदी सुरुवातीच्या गॅझेटियरांपैकी ते एक.

वऱ्हाडच्या गॅझेटियरांतले मेहकर वाचताना अंगावर काटा येतो. मेघंकर राक्षसाला शार्ङ्गधराने मारले, त्यावरून गावाला नाव पडले, ही कथा तिथे आहे. पडझड झालेली हेमाडपंती धर्मशाळा आहे. मोमीन विणकरांची एके काळची भरभराट आहे. १७६९ मध्ये थोरल्या माधवराव पेशव्यांची इथे छावणी पडली आणि १८१७ मध्ये नागपूरकडे जाताना जनरल डव्हटनची पडली, याही नोंदी सापडतात. अकबराच्या काळी मेहकर हे वऱ्हाड सुभ्यातले एक सरकार होते, हे तर ऐन-ए-अकबरीतच आहे.

लायल यांचे मन केवळ आकड्यांत रमणारे नव्हते. वऱ्हाडातले लोक दगडाला शेंदूर का लावतात, वीराची किंवा साधूची समाधी पुढे देवस्थान कशी बनते, हे त्यांनी बारकाईने पाहिले आणि त्यावर निबंध लिहिले. ते १८८२ मध्ये ‘एशियाटिक स्टडीज’ या पुस्तकात आले. हिंदू धर्म जागच्या जागी थिजलेला नसून अजून घडतो आहे, हे त्यांचे म्हणणे त्यांना आपल्या मुलखात सुचले.

पुढे ते परराष्ट्र सचिव आणि वायव्य प्रांताचे लेफ्टनंट गव्हर्नर झाले. अलाहाबाद विद्यापीठ त्यांच्याच कारकिर्दीत, १८८७ मध्ये स्थापन झाले. ते कवी होते, टेनिसनचे चरित्रकारही होते. १० एप्रिल १९११ रोजी टेनिसनच्याच फॅरिंगफर्ड या घरी त्यांना मृत्यू आला. (पंजाबातले लायलपूर यांच्या नावाचे नव्हे, ते यांच्या भावाच्या, सर जेम्स लायल यांच्या नावाचे.)

लायल यांना मी मानतो, पण त्यांचे पुस्तक म्हणजे कारभाऱ्याचे पुस्तक, हेही विसरत नाही. माहिती सांगणारे पाटील, कुळकर्णी, विणकर, पुजारी त्यात नावानिशी भेटत नाहीत. आणि आज ज्याच्यामुळे मेहकर ओळखले जाते, तो आपला बालाजी १८७० च्या पुस्तकात असणेच शक्य नव्हते. ती काळ्या पाषाणाची देखणी मूर्ती जमिनीतून वर आली १८८८ मध्ये. ती विलायतेला नेण्याचा साहेबांचा बेत होता, म्हणून गावकऱ्यांनी तातडीने प्रतिष्ठापना केली, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो. हे धाडस करणारे लोक कोण होते, हे साहेबाचे पुस्तक कसे सांगणार? ते गावानेच लिहून ठेवायला हवे.

इथे पोस्टकार्ड कामी येते. हिंदुस्थानात ते १८७९ मध्ये पाव आण्याला सुरू झाले. कार्डावर टपालाचा शिक्का असतो, म्हणजे तारीख आली. पत्ता असतो, म्हणजे कोण कुठल्या गल्लीत राहत होते ते कळले. मजकुरात पाऊस, कापसाचा भाव, सोयरीक, आजारपण. दुःखद वार्तेचे कार्ड वाचून लगेच फाडून टाकायची आपल्याकडे रीत, त्यामुळे तेवढे मात्र सहसा मिळत नाही.

म्हणून वर्गमित्रांनो, मैत्रिणींनो, एक विनंती. घराची डागडुजी करताना तारेत ओवलेली जुनी पत्रे रद्दीत घालू नका. आई-वडिलांना, आजी-आजोबांना विचारून कोणाचे पत्र, कोणाला आलेले, ते मागे पेन्सिलीने लिहून ठेवा. या स्मरणिकेच्या शेवटी आपणा सर्वांची नावे आणि पत्ते छापले आहेत. शंभर वर्षांनी कोणी मेहकरचा शोध घेईल, तेव्हा त्याच्या हाती लायल यांच्या ग्रंथाशेजारी ही यादीही असावी. तिच्यात माणसे नावानिशी भेटतील.