दादासाहेब खापर्डे

वऱ्हाडच्या सार्वजनिक जीवनात गणेश श्रीकृष्ण ऊर्फ दादासाहेब खापर्डे यांचे नाव आदराने घेतले जाते. त्यांचा जन्म १८५४ साली वऱ्हाडात झाला. मुंबईस उच्च शिक्षण घेऊन ते वकील झाले. काही वर्षे सरकारी नोकरी केल्यावर तिचा त्याग करून त्यांनी अमरावतीस वकिली आरंभिली. अल्पावधीतच त्यांना कीर्ती व संपत्ती लाभली. त्यांचे वैभव पाहून लोक त्यांना वऱ्हाडचे नबाब म्हणत. १८९७ साली अमरावतीस राष्ट्रीय सभेचे अधिवेशन भरले, तेव्हा स्वागताध्यक्षपद त्यांच्याकडेच होते.

लोकमान्य टिळकांशी त्यांचा गाढ स्नेह होता. जुलै १९०८ मध्ये राजद्रोहाच्या आरोपावरून टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली आणि त्यांची रवानगी पुढे ब्रह्मदेशातील मंडालेच्या तुरुंगात झाली. सरकारचा रोष ओढवेल या भयाने अनेकांनी मौन धरले. दादासाहेबांनी मात्र आपली भरभराटीची वकिली बाजूस ठेवली आणि त्याच वर्षी मित्राच्या सुटकेसाठी विलायतेची वाट धरली. तेथे त्यांनी सुमारे दोन वर्षे खटपट केली. प्रिव्ही कौन्सिलने दाद दिली नाही. तरी त्यांनी धीर सोडला नाही. १९१० साली परत येताना ते मंडालेस गेले व तुरुंगात टिळकांना भेटले. सुटकेची वार्ता त्यांना नेता आली नाही. पण आपला मित्र आपल्याला विसरला नाही, एवढे टिळकांना प्रत्यक्ष दिसले.

निष्ठा हा सद्गुण खरा. पण तो एकटा पुरेसा नाही. चोरही आपल्या साथीदाराशी एकनिष्ठ असू शकतो. ज्याच्यासाठी झिजावयाचे त्याचे कार्य न्याय्य आहे की नाही, हे ज्याचे त्याने विवेकाने ठरवावे लागते.

दादासाहेबांनाही तसे ठरवावे लागले. १ ऑगस्ट १९२० रोजी टिळक निवर्तले. त्यानंतर देशात असहकाराचे वारे वाहू लागले आणि टिळकांचे कित्येक अनुयायी गांधीजींना मिळाले. कायदेमंडळात शिरून झगडावे, ही टिळकांची भूमिका दादासाहेबांना पटली होती. ती त्यांनी सोडली नाही व त्यापायी लोकप्रियतेस ओहोटी लागली तरी पर्वा केली नाही. दोन्ही पक्षांतील माणसे टिळकांनाच मानीत होती. मार्ग मात्र निराळे झाले. म्हणून मतभेद दिसताच कोणास निष्ठाहीन ठरवणे योग्य नव्हे.

१९३८ साली अमरावतीचा हा थोर पुत्र कालवश झाला. त्याचे वैभव त्याच्यासवे गेले. मित्रासाठी त्याने केलेला तो दूरचा प्रवास मात्र वऱ्हाडास आजही भूषणावह वाटतो.